वाणांची तुलना: धान्य आणि चाऱ्याच्या चाचणीचे प्लॉट कसे आखावेत

दोन वाण शेजारी पेरले आणि एकाचे दाणे जास्त भरले, एवढ्यावरून तो सरस ठरत नाही. मर्सर आणि हॉल या संशोधकांनी इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात एक एकर गहू 500 तुकड्यांत कापून वेगवेगळा तोलला. 1911 साली प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदींत वाण एकच, मशागतही एकच. तरी एका तुकड्यात 2.73 पौंड दाणे निघाले, तर दुसऱ्यात 5.16. जमीन इतकी फसवते.

म्हणून प्रत्येक वाण किमान चार वेळा पेरा. शेताचे चार गट पाडा आणि प्रत्येक गटात प्रत्येक वाण एकदा घ्या. ढाळ असेल तर गट ढाळाला आडवे ठेवा, म्हणजे एका गटातली माती आणि ओल सारखी राहते. गटातला क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, प्रत्येक गटासाठी नव्याने. सगळीकडे एकच क्रम ठेवला तर उंच वाणाची सावली दर वेळी त्याच शेजाऱ्यावर पडते. रोथॅमस्टेडच्या 1843 च्या गव्हाच्या आणि 1856 च्या गवताच्या प्रयोगांत बहुतेक खतमात्रांना एकेकच प्लॉट होता. तिथे अनेक दशकांच्या नोंदी आधाराला आहेत. दोन-तीन हंगामांच्या चाचणीला तो आधार नसतो.

गव्हासाठी 5 मीटर लांबीच्या, 22.5 सेंटीमीटर अंतराच्या 12 ओळी घ्या; प्लॉट 13.5 चौरस मीटरचा होतो. बियाणे सरसकट वजनाने देऊ नका, कारण जाड दाण्याच्या वाणाची रोपे कमी पडतात. चौरस मीटरला 300 उगवणारे दाणे हवे असतील, हजार दाण्यांचे वजन 40 ग्रॅम आणि उगवण 90 टक्के असेल, तर प्लॉटला 180 ग्रॅम, म्हणजे ओळीला 15 ग्रॅम. प्रत्येक ओळीची पुडी आधीच बांधून ठेवा.

कडेच्या ओळींना ऊन आणि जागा जास्त मिळते. कापणीआधी दोन्ही बाजूंची एकेक ओळ आणि दोन्ही टोकांचा अर्धा-अर्धा मीटर काढून टाका. उरलेल्या 9 चौरस मीटरचेच दाणे तोला. ओलावा मोजून सगळी वजने 12 टक्क्यांवर आणा: 100 मधून ओलाव्याचे टक्के वजा करा, येणाऱ्या आकड्याने वजनाला गुणा आणि 88 ने भागा.

चाऱ्यात खरी गफलत हिरव्या वजनात होते. दव वाळण्याआधी कापलेला प्लॉट उगाच भारी दिसतो. सगळे प्लॉट एकाच उंचीवर कापा, लगेच तोला आणि त्याच वेळी 500 ग्रॅमचा नमुना बंद पिशवीत घ्या. तो 65 अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि तुलना शुष्क वजनावरच करा. इंग्लंडमधील वोबर्नला तिथले बागप्रमुख जॉर्ज सिंक्लेअर यांनीही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गवतांचे हिरवे आणि वाळलेले वजन वेगवेगळे नोंदवले होते. कापणीची अवस्थाही लिहा. फुलोऱ्यातले गवत आणि बी धरलेले गवत यांची तुलना होत नाही. बहुवार्षिक गवताला पहिल्या वर्षाच्या वजनावरून नाकारू नका, त्याची मुळे तेव्हा नुकती बसत असतात.

जनावरांनी खाल्लेल्या किंवा पाणी साचून गेलेल्या प्लॉटसमोर शून्य लिहू नका. ‘नोंद नाही’ असे लिहून कारण आणि तारीख टाका.