साल्व्हियाचे लाड करू नका

मधमाश्या आणि फुलपाखरं यावीत म्हणून एकच झुडूप लावायचं असेल, तर मी डोळे झाकून साल्व्हिया सांगते. तुळस-पुदिन्याच्या कुळातलं झाड. देठ बोटांत फिरवून बघा, चौकोनी लागतो. जाती शेकड्यांनी आहेत. पहिल्यांदा लावताय तर ल्युकँथा किंवा ग्रेगी घ्या.

बियांच्या नादी लागू नका. फुलं न आलेल्या कोवळ्या फांदीचा ८-१० सेंमीचा तुकडा पेराच्या लगेच खाली कापा, खालची पानं काढा आणि ओलसर वाळू-कोकोपीटमध्ये खोचून सावलीत ठेवा. साधारण ३-४ आठवड्यांत मुळं धरतात. उपटून बघायचा मोह आवरा, शेंड्याला नवं पान फुटलं की काय ते कळतंच.

जागा सहा तास उन्हाची, पाणी न साचणारी. माती चिकण असेल तर वाफा वीतभर उंच करा. रोप रुजलं की वरची माती सुकल्याशिवाय पाणी नको. खताचा हातही आखडता ठेवा. नत्र जास्त झालं की नुसता पाला माजतो.

खरी मेख छाटणीत आहे. सुरुवातीला शेंडे खुडले की झुडूप भरतं. पण ल्युकँथा दिवस लहान होऊ लागले की कळ्या धरते, त्याआधीच खुडणं थांबवा. बहर सरून बुडाशी नवे धुमारे दिसले की जुन्या फांद्या जमिनीलगत कापा. ग्रेगीला मात्र असं भादरू नका. तिचा तिसरा हिस्साच छाटा, पानं नसलेल्या जुन्या लाकडातून फुटवा येईलच असं नाही.

आता गंमत. निळ्या-जांभळ्या फुलांच्या बऱ्याच जातींत ताज्या फुलाच्या घशात बारीक काडी हलकेच सरकवली, की वरचे पुंकेसर तरफेसारखे खाली येऊन काडीला पराग फासतात. मधमाशीच्या पाठीवर हेच होतं. फूल जुनं झालं की त्याच जागी स्त्रीकेसराचं टोक झुकतं आणि दुसऱ्या फुलाचा पराग पाठीवरून टिपून घेतं.

मोठे काळे भुंगे कधीकधी लांब फुलांना बुडाशी चीर पाडून मध चोरतात, परागाशी संबंधच नाही. चोरू द्या. मावा दिसला तर पाण्याचा फवारा पुरतो, कीटकनाशक नको. रोप विकत घेतानाही त्यावर आधीच औषध मारलंय का, ते विचारून घ्या.