कितव्या सेकंदाला? के-पॉप कमबॅकच्या एका गाण्याचा रिव्ह्यू लिहिताना

"लई भारी वाजायलंय" एवढ्यावर रिव्ह्यू होत नाही. काय वाजायलंय आणि कितव्या सेकंदाला, हे सांगता आलं पाहिजे.

के-पॉपमधलं, म्हणजे कोरियन पॉप संगीतातलं कमबॅक म्हणजे लांबच्या सुट्टीनंतरचं पुनरागमन नव्हे. नवं रिलीज आणि त्याच्या प्रमोशनचे दिवस, झालं कमबॅक. आधीचं गाणं तीन महिन्यांपूर्वीचं का असेना. गाणी बऱ्याचदा कोरियात संध्याकाळी ६ ला येतात, तेव्हा आपल्याकडे दुपारचे २:३० झालेले असतात. दुपारी १ चं रिलीज असेल तर सकाळी ९:३०. लाइटचा भरवसा नसेल तर फोन आधीच चार्ज करून ठेवा.

पहिल्यांदा ऐकताना व्हिडिओ बघू नका. एमव्हीत (म्युझिक व्हिडिओत) कधी सुरुवातीला संवाद असतो, कधी मध्येच गाणं थांबतं, म्हणून तिथून घेतलेल्या वेळा अल्बमच्या ऑडिओशी जुळत नाहीत. वायरचे इअरफोन घ्या, फोनमधला इक्वलायझर आणि डॉल्बी बंद करा. फोनच्या स्पीकरवर खालचा बेस जवळपास येतच नाही. उदगीर-लातूर एसटीत ऐकलंत तर उरलासुरला बेस इंजिन गिळतं, आणि मग "बीट पोकळ आहे" असं लिहून बसता.

दुसऱ्यांदा वही घ्या. डावीकडे वेळ, उजवीकडे बदल. नमुना असा: ०:०० नुसता सिंथ (सिंथेसायझर), ०:१२ व्हर्स (कडवं), किक (ड्रमचा जाड ठोका) आणि चुटक्या, ०:३६ प्री-कोरस (कोरसच्या आधीचा भाग), किक गायब, ०:५० कोरस (धृपद), पण गाणारा आवाज एकच, बाकी सगळं वाद्यांवर. हे पान भरलं की अर्धा रिव्ह्यू तिथेच असतो. प्री-कोरसने ताण चढवला आणि कोरसने तो सोडलाच नाही, तर "कोरस फिका वाटला" याचं कारण सापडलं.

टेम्पोसाठी १५ सेकंद ठोके मोजा आणि ४ ने गुणा. ३१ आले तर १२४ बीपीएम, म्हणजे मिनिटाला १२४ ठोके. इथे हमखास फसायला होतं ते हाफ-टाइममध्ये. कोरसला गाणं संथ झाल्यासारखं वाटतं, पण हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांज) त्याच वेगाने चालू असतो. स्नेअर (ड्रमसेटमधला कडक आवाजाचा ड्रम) कुठे पडतो ते बघा: चारपैकी दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर पडत होता, तो आता फक्त तिसऱ्यावर पडत असेल तर टेम्पो बदललेला नाही, ठेका पसरलाय. हलगी ऐकत वाढलेल्यांना हे लवकर कळतं.

शब्दांसाठी इंग्रजी सबटायटलवर विसंबू नका. कोरियनमध्ये क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं. इंग्रजीत ते पुढे सरकतं आणि ओळीच्या शेवटी राखून ठेवलेला धक्का आधीच फुटतो. दोन-चार महत्त्वाच्या ओळी शब्दकोश घेऊन थेट मराठीत लावून बघा. रॅप ऐकतानाही आपला कान कामाला येतो. कोरियनमध्ये साधा, महाप्राण आणि ताणलेला असे तीन 'क' आहेत. त्यातला महाप्राण आपल्या 'ख'च्या जवळचा, त्यामुळे रॅपर श्वास कुठे आपटतो ते पटकन पकडता येतं.

टायटल ट्रॅक (अल्बमचं मुख्य गाणं) आणि बी-साइड (बाकीची गाणी) एकाच मापाने मोजू नका. टायटलला स्टेज आणि कोरिओग्राफी पेलायची असते, म्हणून त्यात बरेचदा डान्स ब्रेक (गाणं थांबून नुसता नाच) असतो. बी-साइडला तो नाही, हा दोष नव्हे.

कोरियन टीव्हीवर दर आठवड्याला गाण्यांचे कार्यक्रम असतात: गुरुवारी एम काउंटडाउन, शुक्रवारी म्युझिक बँक, शनिवारी म्युझिक कोअर, रविवारी इन्किगायो. तिथले स्टेज बघा, पण त्यावरून गळ्याचा निवाडा करू नका. पाठीमागच्या ट्रॅकमध्ये रेकॉर्ड केलेला आवाज मिसळलेला असू शकतो. त्या कार्यक्रमात जिंकल्यावर गाणं पुन्हा म्हणतात, ते एन्कोर त्यापेक्षा खरं, फक्त तेव्हा पोरं दमलेली, कधी रडत असतात, हे ध्यानात ठेवा.

"आमच्या बायसला (ग्रुपमधल्या लाडक्या मेंबरला) ओळीच दिल्या नाहीत" हे लिहिण्याआधी स्टॉपवॉच लावा. प्रत्येकाचे सेकंद मांडा, कोरस वेगळा धरा. मग आकडा लिहा.