सातारा की कोल्हापूर? दोन्हीकडून लढलेले पूर्वज शोधताना या चुका टाळा

1707 ला संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, राजाराम महाराजांच्या पत्नी ताराराणींशी गादीवरून झगडा पेटला (शाहूंची बाजू ती सातारा, ताराराणींची ती पुढे कोल्हापूर) आणि वारणेच्या तहापर्यंत म्हणजे 1731 पर्यंत तो पुरता मिटलाच नाही. एवढ्या वर्षांत एकाच घरातली माणसं दोन्हीकडे गेली यात नवल काय.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. "आम्ही पहिल्यापासून सातारकर" असं आधीच ठरवून लोक कागद शोधायला बसतात, आणि मग उलटा पुरावा समोर आला की तो आपला नाहीच म्हणून बाजूला सारतात. अहो, धनाजी जाधव ताराराणींचे सेनापती, ऑक्टोबर 1707 मध्ये खेडला शाहूंवर चालून गेले आणि तिथेच शाहूंना मिळाले. त्यांचा मुलगा चंद्रसेन शाहूंचा सेनापती झाला, 1711 ला बाळाजी विश्वनाथांशी बिनसल्यावर ताराराणींकडे गेला आणि तिथून पुढे निजामाकडे. सेनापतींचं हे, तर तुमच्या आमच्या शिलेदार पणजोबांचं काय घेऊन बसलात! म्हणून माणसाची बाजू विचारू नका, त्या कागदाच्या तारखेला तो कुठे होता ते बघा. आणि प्लीज, लगेच फितूर म्हणू नका, वतन (म्हणजे पाटीलकी, देशमुखीसारखा पिढीजात हक्क) वाचवायची धडपड पण असायची त्यात.

आता तारीख, इथे भलेभले घसरतात. शकात 78 किंवा 79 मिळवायचे, सुहूर सनात (मराठी कागदांत वापरायचे ती अरबी नावांची कालगणना) 599 किंवा 600, की इसवी सन येतो, आणि सुहूर सन अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहिलेला असतो, तोही सुटा आकडा आधी. "समान मया व अलफ" म्हणजे 8, 100 आणि 1000, म्हणजे 1108. हे वर्ष मृगाला सुरू होतं त्यामुळे 1707 चा पावसाळा ते 1708 चा उन्हाळा. एक वर्ष इकडे तिकडे झालं की खेडच्या आधीचा कागद नंतरचा वाटतो आणि सगळी बाजूच उलटी लागते.

फक्त आडनावावर शोधू नका. कागदात बऱ्याचदा नुसतं देशमुख, पाटील असतं, त्यात आजोबा-नातवाचं नाव एकच. गाव आणि वतन धरून शोधा. पुण्याच्या पुराभिलेखागारात काही सापडलं नाही म्हणून थांबू नका, कोल्हापूरचं पण बघा. हेळव्यांच्या (म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांभाळणाऱ्यांच्या) वह्या पण बघा.

एकाच वतनाच्या दोन्ही दरबारांच्या सनदा (हक्क दिल्याचे राजाचे कागद) निघाल्या तर एक खोटीच असं धरून चालू नका, दोन दावेदार दोन राजांकडे गेलेले असू शकतात. उलट 1852 नंतर इनाम कमिशनपुढे (इनामांचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजांच्या चौकशीपुढे) दिलेल्या कैफियती, म्हणजे लेखी निवेदनं, जरा जपून वाचा, ते इनाम टिकवायला मांडलेलं म्हणणं आहे आणि तेही सव्वाशे-दीडशे वर्षांनी.

मोडी वाचणाऱ्याला फोटो पाठवताना कागद क्रॉप करू नका, शिक्का आणि मोर्तब (मजकूर संपल्यावर मारलेली छोटी मुद्रा) दोन्ही दिसू द्या, सनद कोणत्या दरबाराची ते बऱ्याचदा तिथेच कळतं.