निवृत्तीनंतर गावातल्या निराधारांचे कागद हाती घेताना

पेन्शन सुरू झाली, गावी येऊन राहिलात आणि गावासाठी काही करायचं मनात असेल, तर श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार या सरकारच्या मासिक अनुदान योजनांच्या फायली घ्या. वह्यावाटपाला माणसं मिळतात. बुढीसोबत तहसीलच्या रांगेत उभं राहायला कोणी मिळत नाही.

वयाच्या 65 च्या आत संजय गांधी, पुढे श्रावणबाळ, महिन्याला 1,500 (दिव्यांगांना जास्त), कुटुंबाच्या वर्षाच्या उत्पन्नाची सर्वसाधारण अट 21,000, हे तुम्हाला ठाऊकच असेल. अर्ज अडतो तो वयाच्या पुराव्यावर. आधारवर अर्ध्या गावाचा जन्म 1 जानेवारीचा, सालही अंदाजपंचे. शाळेचा दाखला नसेल तर ग्रामीण रुग्णालयातून वयाचा दाखला काढा.

खरी खोच मंजुरीनंतर आहे. अर्ज मंजूर, पण पासबुक कोरं. बँकेत विचारलं तर उत्तर मिळतं, "आधार लिंक आहे." ते खोटं नसतं, पण अपुरं असतं. आधार कितीही खात्यांना जोडता येतं; सरकारी पैसा मात्र एनपीसीआयच्या (बँकांमधली देवाणघेवाण चालवणाऱ्या संस्थेच्या) यादीत त्या आधारपुढे ज्या बँकेचं नाव असेल तिथेच जातो, आणि शेवटी जिथे सीडिंग (म्हणजे या यादीत बँकेचं नाव चढवणं) झालं तीच बँक त्या यादीत असते. आठवडी बाजारात कोणीतरी अंगठा घेऊन उघडून दिलेलं खातं असेल, तर पैसे तिकडे साचतात आणि म्हातारी दुसऱ्याच बँकेच्या पायऱ्या झिजवते. म्हणून तहसीलला तक्रार करण्याआधी माय आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. तिथे दिसेल त्या बँकेत जाऊन आधी साचलेली रक्कम काढा. मग हव्या त्या बँकेत आधार सीडिंगचा फॉर्म भरा, त्यात जुन्या बँकेचं नाव लिहा आणि पोच शिक्का मारूनच घ्या. काही दिवसांनी स्टेटस पुन्हा बघा. फॉर्म दिला म्हणजे काम झालं असं समजू नका. पुन्हा सांगतो: लिंक वेगळं, सीडिंग वेगळं.

या साइटच्या ओटीपीसाठी आधारला दिलेला नंबर बंद असेल किंवा पुण्याला गेलेल्या पोराचा असेल, तर आधी आधार केंद्र. स्वतःचा नंबर कोणाच्याही आधारला देऊ नका, त्यांची पासबुकं आपल्या घरी ठेवू नका. सोपं वाटतं, पण उद्या एखाद्या खात्यातले दोन हजार कमी निघाले की बोट तुमच्याकडेच येईल. मग तुम्ही 35 वर्षं मास्तर होता की ग्रामसेवक, कोणी विचारत नाही.

'सगळं करून देतो' म्हणणाऱ्या दलालापासून लांबच राहा. आमच्या मते साहेबापेक्षा कोतवालाशी ओळख जास्त कामाची.

पहिल्या काही फायली परत येतील. येऊ द्या, त्रुटीचा शेरा वाचला की पुढचं समजतं. कापूस वेचून बोटं घासलेल्यांचा अंगठा मशीन घेत नाही, तेव्हा डोळ्याचं किंवा चेहऱ्याचं स्कॅन मागा. आणि वहीत एक रकाना हयातीच्या दाखल्याचा ठेवा. तो वेळेत गेला नाही तर चालू अनुदानही थांबतं.