जुनी डायव्हिंग घड्याळे जमवताना तबकडी कशी वाचावी

सुरुवात एकाच मॉडेलपासून करावी. ब्लँपेनचे फिफ्टी फॅदम्स आणि रोलेक्सचे सबमरिनर ही दोन्ही १९५३ सालची, तर ओमेगाचे सीमास्टर ३०० हे १९५७ सालचे. पण यांपैकी एकाच मॉडेलच्या तबकड्या, काटे आणि बेझल (काचेभोवतीचे फिरते कडे) वर्षागणिक इतके बदलत गेले, की तेवढे बदल ओळखता येईपर्यंत पैसे खिशातच ठेवलेले बरे.

प्रत्यक्ष घड्याळ हाती आले की सर्वप्रथम तबकडी भिंगाखाली धरावी, कारण दुर्मीळ घड्याळाची बहुतांश किंमत तिच्यातच असते. साठच्या दशकाच्या आरंभापर्यंत अंधारात चमकण्यासाठी किरणोत्सर्गी रेडियमचा लेप वापरत आणि त्यानंतर ट्रिटियम हे दुसरे किरणोत्सर्गी द्रव्य आले. सहाच्या आकड्याखाली ‘स्विस’ या शब्दाजवळ बारीक ‘टी’ छापलेला दिसला, तर ती ट्रिटियमची खूण समजावी. ट्रिटियमची किरणोत्सर्गिता दर १२.३ वर्षांनी निम्मी होत असल्याने अशा जुन्या घड्याळाने आज रात्रभर लखलखणे शक्यच नाही. अतिनील टॉर्च क्षणभर मारून विझवावी. जुना लेप उजळून चटकन मावळतो, तो बराच वेळ तेवत राहिला तर नवा लेप चढवलेला आहे असे मानावे. काट्यांवरचा लेप पांढराफटक आणि तबकडीवरचे ठिपके मधासारखे पिवळे असतील, तर बहुधा काटे बदललेले असतात.

नंतर पट्टा काढायला सांगावे. जुन्या सबमरिनरचा अनुक्रमांक सहाच्या बाजूला, पट्टा अडकवण्याच्या दोन कानांच्या मध्ये कोरलेला असतो. सबमरिनरच्याच ५५१३ या मॉडेलचे उत्पादन १९६२पासून पाव शतकाहून अधिक काळ चालले आणि त्याच्या तबकडीवरील ठिपक्यांना पांढऱ्या सोन्याची कड ऐंशीच्या दशकात आली. त्यामुळे अनुक्रमांक १९७०च्या सुमाराचा आणि ठिपक्यांना सोन्याची कड, असे दिसले तर तबकडी मागाहून बसवलेली आहे हे निश्चित.

कानांच्या कडा वारंवार पॉलिश करून गोलसर झाल्या असतील, तर गेलेला धातू परत येत नाही. याउलट उन्हाने विटलेले पण मूळचे बेझल मी नव्यापेक्षा केव्हाही पसंत करीन. पेटी आणि कागदपत्रे असल्यास उत्तम, मात्र केवळ त्यांच्यासाठी सुमार घड्याळ घेऊ नये.

दुरुस्तीला देताना पॉलिश करू नये, तबकडी व काटे बदलू नयेत आणि काढलेला प्रत्येक भाग परत द्यावा, हे घड्याळजीकडून लिहून घ्यावे. रेडियमचे घड्याळ स्वतः कधीही उघडू नये, कारण लेपाची धूळ श्वासावाटे शरीरात जाणे घातक असते. तबकडीवर २०० मीटर लिहिलेले असले तरी आतील रबरी कड्या कालांतराने कडक होतात. म्हणून जुने डायव्हिंग घड्याळ हात धुतानासुद्धा काढून ठेवावे.