विद्यापीठातील डिजिटल ग्रंथालयाचा प्रकल्प कसा आखावा

डिजिटल ग्रंथालयाचा प्रकल्प आखायला बसलेली विद्यापीठाची समिती बहुधा पहिल्याच बैठकीत सॉफ्टवेअरच्या नावांवर चर्चा सुरू करते. ही चर्चा पुढे ढकलावी आणि त्याऐवजी एका प्रश्नाचे लेखी उत्तर मिळवावे: प्रकल्पाचा निधी संपल्यावर ही सेवा कोण चालवणार, आणि तिच्या खर्चाची तरतूद कोणत्या विभागाच्या वार्षिक अंदाजपत्रकात असणार? प्रकल्पाला समाप्तीची तारीख असते, सेवेला नसते. हे उत्तर मिळत नसेल, तर प्रकल्पाची व्याप्ती उत्तर मिळेपर्यंत कमी करत जावी. वर्षाला दोनशे प्रबंध नीट स्वीकारणारी आणि दहा वर्षे अखंड चालणारी लहान सेवा ही, गाजावाजा करून उघडलेल्या व तिसऱ्या वर्षी सर्व्हरसह बंद पडलेल्या मोठ्या सेवेपेक्षा विद्यापीठाच्या जास्त उपयोगाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर वाचकांकडे वळावे. प्रश्नावली पाठवणे सोपे असते, पण तिच्यातून लोकांच्या अपेक्षा कळतात, अडचणी कळत नाहीत. सहा-सात संशोधक विद्यार्थी आणि दोन-तीन प्राध्यापक निवडावेत, त्यांना त्यांच्याच चालू कामातील एखादा संदर्भ शोधायला सांगावे आणि शेजारी बसून, मध्ये न बोलता, ते कोठे अडतात याची नोंद करावी. घरून लॉगिन होत नाही, मार्गदर्शकाच्या नावाने शोध घेता येत नाही, एकाच लेखकाचे नाव तीन प्रकारे लिहिलेले सापडते, अशा नोंदी यातून हाती येतात. सेवेच्या गरजांची यादी या नोंदींवरून करावी, विक्रेत्याच्या माहितीपत्रकावरून करू नये.

सुरुवातीला एकच संग्रह निवडावा. पीएचडीचे प्रबंध हा त्यासाठी चांगला संग्रह आहे, कारण ते विद्यापीठातच निर्माण होतात, आणि त्यांची संख्या ठाऊक असते. आधी प्रत्यक्ष मोजणी करावी: किती प्रबंध केवळ छापील आहेत, किती फाइलच्या रूपात आहेत, आणि त्या फाइलींपैकी किती युनिकोडपूर्व (म्हणजे अक्षरांसाठी आजची सर्वमान्य संगणकीय संकेतप्रणाली न वापरणाऱ्या) फाँटमध्ये टंकलेल्या आहेत. शेवटचा गट वेगळा काढणे आवश्यक आहे. तो पडद्यावर व्यवस्थित वाचता येतो, पण शोधयंत्राला त्यातील एकही शब्द सापडत नाही, आणि ही बाब बऱ्याचदा सेवा सुरू झाल्यावरच लक्षात येते.

साठवणुकीचा अंदाज गणित करूनच बांधावा. ए-४ आकाराचे एक पान ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० बिंदू) रंगीत स्कॅन करून टिफ या चित्र-फाइलच्या स्वरूपात, आकार न आटवता (अनकम्प्रेस्ड) ठेवले, तर ते सुमारे २६ एमबी जागा घेते. दोनशे पानांच्या प्रबंधाला त्यामुळे ५ जीबीहून अधिक आणि अशा हजार प्रबंधांना ५ टीबीहून अधिक जागा लागते. तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या इमारतीत किंवा गावात, हा सर्वमान्य नियम पाळला, तर गरज १५ टीबीच्या पुढे जाते. केवळ मजकूर असलेली पाने राखाडी छटांत स्कॅन केल्यास हा आकडा एकतृतीयांशावर येतो. म्हणून नकाशे व छायाचित्रे असलेली पाने तेवढी रंगीत घ्यावीत. वाचकांना द्यायची प्रत वेगळी, लहान आकाराची करावी. दीर्घकालीन जतनासाठी २००५ साली आंतरराष्ट्रीय मानक झालेले पीडीएफ/ए हे स्वरूप तिला योग्य आहे.

सर्वांत अधिक वेळ मात्र नोंदींना, म्हणजे मेटाडेटाला, लागतो, आणि आराखड्यात नेमका हाच वेळ धरलेला नसतो. डब्लिन कोअर या मानकात शीर्षक, निर्माता, विषय, दिनांक, भाषा, हक्क असे १५ मूलभूत घटक आहेत आणि आरंभासाठी ते पुरेसे आहेत. खरे कष्ट त्या घटकांत काय भरायचे हे ठरवण्यात असतात. दिनांक म्हणजे प्रबंध सादर केल्याचा की पदवी प्रदान झाल्याचा? विभागाचे नाव बदलले असेल, तर जुन्या प्रबंधावर कोणते नाव लिहायचे? मार्गदर्शकाचे आडनाव आधी की नाव? या प्रश्नांची उत्तरे दोन-तीन पानांच्या नियमपत्रिकेत लिहून काढावीत, विभागांची व विषयांची नावे हाताने टंकू न देता ठरावीक यादीतून निवडायला लावावीत आणि लेखकांसाठी ऑर्किड क्रमांक (प्रत्येक संशोधकाला मिळणारा स्वतंत्र ओळखक्रमांक) नोंदवावा, म्हणजे समान नावांच्या दोन संशोधकांची गल्लत होणार नाही. प्राथमिक नोंद विद्यार्थ्याने प्रबंध सादर करतानाच भरावी व ग्रंथालयाने ती तपासावी, ही विभागणी सर्वांत टिकाऊ ठरते. शंभर प्रबंधांच्या नोंदी घड्याळ लावून करून पाहाव्यात आणि त्यावरूनच मनुष्यबळाची मागणी करावी.

हक्कांचा विचार स्कॅनिंगच्या आधी व्हायला हवा. प्रबंध विद्यापीठात सादर झाला एवढ्यावरून तो सर्वांसाठी खुला करण्याचा अधिकार विद्यापीठाला मिळतोच असे नाही. नव्या प्रबंधांसाठी सादरीकरणाच्या अर्जासोबतच परवानगीपत्र घ्यावे. पेटंटची प्रक्रिया चालू असेल किंवा पुस्तक प्रकाशित व्हायचे असेल, तर ठरावीक मुदतीसाठी मजकूर बंद ठेवण्याची सोय द्यावी, पण शीर्षक व सारांश तेव्हाही दिसू द्यावेत. जुन्या प्रबंधांबाबत विधी विभागाचा लेखी अभिप्राय घ्यावा, आणि कोणी हरकत घेतल्यास मजकूर किती दिवसांत व कोणाच्या आदेशाने काढला जाईल, हे आधीच जाहीर करावे.

आता सॉफ्टवेअरकडे यावे. साउदॅम्प्टन विद्यापीठातून २००० साली आलेले ईप्रिंट्स आणि एमआयटी व ह्यूलेट-पॅकार्ड यांनी २००२ साली आणलेले डीस्पेस ही दोन्ही मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर अनेक विद्यापीठांत वापरात आहेत. त्यांना परवाना शुल्क नाही, तरी सर्व्हर सांभाळणारी व दर काही वर्षांनी आवृत्ती बदलून देणारी जाणकार व्यक्ती लागते. तिचा पगार हाच त्यांचा खरा खर्च होय. कोणतीही प्रणाली निवडण्यापूर्वी एक चाचणी अवश्य करावी: तिच्यात पाचशे नोंदी फाइलींसह भराव्यात आणि त्या सर्वच्या सर्व, कोणाच्याही मदतीविना, खुल्या स्वरूपात बाहेर काढून दाखवायला सांगावे. हे जमत नसेल, तर बाकीचे गुण कितीही आकर्षक असले तरी ती घेऊ नये. याखेरीज इतर शोधसेवांना नोंदी उचलता याव्यात म्हणून ओएआय-पीएमएच ही नोंदींच्या देवाणघेवाणीची ठरावीक पद्धत असावी, सर्व्हर बदलला तरी न बदलणारा कायमचा पत्ता प्रत्येक नोंदीला मिळावा आणि वाचकांना विद्यापीठाचाच लॉगिन चालावा, एवढे करारात लिहावे. दृष्टिबाधित वाचकांची सोय नंतर जोडण्याची गोष्ट नव्हे: स्कॅन केलेले पान हे नुसते चित्र असते, त्यावर अक्षर-ओळख (ओसीआर, म्हणजे चित्रातील अक्षरांचा मजकूर करणे) केलेली नसेल, तर पडदावाचक सॉफ्टवेअरला ते वाचताच येत नाही. म्हणून अक्षर-ओळखीची अट स्कॅनिंगच्या निविदेतच घालावी.

वेळापत्रक शैक्षणिक दिनदर्शिकेशी जुळवावे. परीक्षांच्या किंवा प्रवेशाच्या दिवसांत कोणताही बदल करू नये.

सेवा सुरू झाल्यावर नुसत्या डाउनलोडच्या आकड्यावर विसंबू नये, कारण त्यात शोधयंत्रांच्या स्वयंचलित भेटी मिसळलेल्या असतात. काउंटर हे वापरमोजणीचे मानक अशा भेटी वगळते आणि एकाच वाचकाने तीस सेकंदांच्या आत त्याच दुव्यावर दोनदा केलेली क्लिक एकदाच धरते. ग्रंथालयाने आपले आकडे याच पद्धतीने काढावेत. फाइली शाबूत आहेत का, हे पाहण्यासाठी प्रत्येक फाइलची चेकसम (फाइलच्या आशयावरून काढलेली, आशय बदलताच बदलणारी संख्या) ती स्वीकारतानाच नोंदवावी व ठरावीक काळाने पुन्हा ताडावी. वर्षातून एकदा बॅकअपमधून यादृच्छिक पन्नास प्रबंध कोऱ्या सर्व्हरवर परत उतरवून, नोंदी व फाइली दोन्ही उघडतात का ते ग्रंथपालाने स्वतः पाहावे, आणि त्या तपासणीची तारीख व निष्कर्ष सेवेच्या वार्षिक अहवालात नोंदवावेत.