‘ईडिपस राजा’ हाती घेऊन ग्रीक शोकांतिका कशी वाचावी

आधी पेन्सिलीने रचना आखून घ्या: प्रस्तावना, कोरसचा (म्हणजे गाणाऱ्या समूहाचा) प्रवेश, मग आलटून पालटून प्रसंग आणि कोरसगीतं, शेवटी निर्गमन. गीतं गाळू नका. हे नाटक लिहिणाऱ्या सोफोक्लीजच्या कोरसमध्ये 15 जण असत. इथला कोरस म्हणजे थीब्ज नगरातले वृद्ध; त्यांची घालमेल गीतांमध्येच कळते.

मग कलाटणी शोधा. कॉरिंथचा दूत बातमी आणतो की तिथला राजा पॉलिबस, ज्याला ईडिपस बाप मानतो, तो वारला. तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील, असं भाकीत ईडिपसला मिळालेलं असतं; त्याची उरलीसुरली भीती घालवायला दूत पुढे सांगतो, पॉलिबस तुझा बाप नव्हताच. दिलासा द्यायला गेला आणि झालं भलतंच. ईडिपसच्या घोट्यांच्या जुन्या जखमेचा विषय निघाला की त्याची बायको योकास्टा हिच्याकडे लक्ष ठेवा: हा आपलाच मुलगा, हे ईडिपसच्या आधी तिला उमगतं. त्याला उमगतं ते, तान्हेपणी त्याला या दूताच्या हाती देणाऱ्या मेंढपाळाला दरडावून बोलतं केल्यावर.

नायकाची चूक ठरवताना मात्र बहुतेकांचा घोळ होतो. ‘गर्व’ लिहून मोकळे होतात! अॅरिस्टॉटलचा रोख दुर्गुणावर नाही, हातून घडलेल्या गंभीर चुकीवर आहे. तिठ्यावर थीब्जचा आधीचा राजा लायस याला मारताना हा आपला बाप, हे ईडिपसला ठाऊकच नव्हतं. नायक निखळ सज्जन नको आणि नीचही नको, नाहीतर करुणा आणि भय जागत नाही.

ईडिपसने स्वतःचे डोळे फोडून घेण्याचा प्रसंग रंगमंचावर शोधू नका. तो राजवाड्यातून आलेला सेवक सांगतो.